अलीकडचा फोटो

या सगळ्या प्रकाराला माझे केस जबाबदार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. लोक उगाच केसांना बोल लावतात. केस बिचारे कित्येक वर्षं पांढरे होते, जेवढे उरले होते तेवढ्यात समाधानी होते आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. सुरुवात झाली ती एका फोनने.

फोन माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा होता. शाळेत तो वर्गाचा मॉनिटर होता आणि आवाजावरून लगेच कळलं की अजूनही आहे. त्याची तुकडी आता साठीला टेकली होती, त्यांनी शाळेतच स्नेहमेळावा ठरवला होता आणि त्या काळच्या सगळ्या शिक्षकांना बोलवायचं चाललं होतं. मी त्यांचा पीटीचा सर. म्हणजे कवायत, धावणं, दोर चढणं आणि रोज सकाळी अख्ख्या शाळेच्या रांगा सरळ करणं. इतिहासाच्या सनावळ्या पोरं विसरतात, पण पीटीच्या सरांची शिट्टी जन्मभर कानात राहते असं माझं प्रामाणिक मत आहे. पोरं माझ्या पाठीमागे मला 'वाघ' म्हणायची. तसं कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं, पण मला अंदाज होता.

"सर, तुमच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवतोय," मॉनिटर म्हणाला. "उशीवाली. आणि मंचाच्या पायऱ्यांची अजिबात काळजी करू नका. चढवायला दोघं जण ठेवलेत."

"कुणाला चढवायला?"

"तुम्हाला, सर. एक जण काखेत धरेल, दुसरा मागून आधार देईल. तुम्ही फक्त अंग सैल सोडायचं. आणि हो, एक अलीकडचा फोटो तेवढा पाठवून द्या. फलकावर लावायचाय."

मी फोन ठेवला. हा मॉनिटर आठवीत असताना दोराच्या मध्यावर लटकून 'सर, खाली घ्या' म्हणून गळा काढून रडला होता. तेव्हा मागून आधार कुणी दिला होता? मी. आणि आता तो मला अंग सैल सोडायला सांगत होता. वय सत्तरीच्या पुढे गेलं म्हणून काय माणसाचं गाठोडं होतं? मी तिथल्या तिथे ठरवलं की मेळाव्याला जायचं ते असं जायचं, की मला बघून त्या दोघांची आधार द्यायला पुढे यायची हिंमत होऊ नये.

फोटोचं काम सोपं होतं. कपाटात माझा एक कृष्णधवल फोटो होता. तिशीच्या उंबरठ्यावरचा. छाती पुढे, मिशा वर, गळ्यात शिट्टी. अलीकडचा म्हणजे नेमका कधीपासूनचा, हे मॉनिटरने काही स्पष्ट केलं नव्हतं, आणि या विश्वाच्या पसाऱ्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षं म्हणजे काय मोठीशी. मी तो पाठवून दिला.

बायको पेपर वाचत होती. तिने चष्म्यावरून बघितलं.

"पाठवलात ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण तिथे गेल्यावर ते लोक या फोटोतल्या माणसाला शोधतील ना. त्याला कुठून आणणार?"

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आता फोटोतला माणूस हजर करणं भाग होतं.

मी ही अडचण जिन्यात वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांच्या कानावर घातली, आणि तिथेच पहिली चूक झाली. हे गृहस्थ विमा कंपनीतून निवृत्त झालेले. समोर कुणीही आलं, की त्याची किती वर्षं उरलीत याचा अंदाज घेतच ते 'कसं काय' विचारतात. सल्ला देण्याचं त्यांना व्यसन आहे आणि त्याचा खर्च नसल्यामुळे ते सुटत नाही.

"केस काळे करा, पण भिवया विसरू नका," ते म्हणाले. "आमच्या एका साहेबांनी नुसते केस केले होते. माणूस बोलायला लागला की सगळे भिवयांकडेच बघायचे. आणि मिशी. मिशी सर्वांत आधी फितूर होते."

खालच्या गल्लीतल्या सलूनवाल्याने माझ्यापुढे छटांचं पुठ्ठ्याचं पुस्तक उघडलं. काळ्या रंगात इतके भेद असतात हे मला या वयात कळलं. त्याने दोन खोकी काढून ठेवली.

"सर, याने दहा वर्षं जातात आणि याने पंधरा. पंधरावाल्याची जरा खाज येते."

"पंधरावाला दोनदा लावला तर?"

तो थोडा विचारात पडला. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं बहुतेक. पण गिऱ्हाईक देव असतं, आणि देव आरशासमोर मान ताठ करून बसला होता. त्याने दोनदा लावला.

निकाल असा लागला की केस इतके काळे झाले, की त्यांच्यावर पडलेला उजेड परत येत नव्हता. भिवया काळ्या झाल्यावर माझा चेहरा कायम कुणावर तरी संतापल्यासारखा दिसू लागला, म्हणून त्याने एक भिवई थोडी बारीक केली, मग दुसरी तिच्या जोडीला बारीक केली, मग पहिली पुन्हा जाड वाटायला लागली. हे असं किती चाललं असतं कोण जाणे, पण मध्येच मिशीने पेट घेतला. म्हणजे खराखुरा नव्हे, पण आग आग व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी वरचा ओठ एवढा सुजला की मी काहीही बोललो तरी बायकोला ते रुसल्यासारखं वाटत होतं. मिशी उतरवण्याशिवाय इलाज राहिला नाही.

लग्न झाल्यापासून बायकोने माझा वरचा ओठ कधी पाहिला नव्हता. तिने मला खिडकीपाशी, उजेडात नेलं.

"असं होतं होय खाली," ती म्हणाली.

"असं म्हणजे कसं?"

"काही नाही. मिशी ठेवली होतीत ते बरं केलं होतंत."

त्याच संध्याकाळी मी पाव आणायला खाली उतरलो आणि परत येताना इमारतीच्या पहारेकऱ्याने मला अडवलं. रोज मला सलाम करणारा माणूस. त्याने वही पुढे सरकवली आणि विचारलं, "कुणाकडे जायचंय?"

"माझ्याकडे," मी म्हणालो.

"ते घरी आहेत का, आधी विचारावं लागेल." त्याने इंटरकॉमवरून घरी लावला आणि वर्णन सुरू केलं. "एक गृहस्थ आलेत. केस काळे, मिशी नाही, ओठ सुजलाय, रागात दिसतायत."

पलीकडून बायकोचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "असं आमच्याकडे कुणी राहत नाही."

शेवटी मी पाहुणा म्हणून सही करून स्वतःच्या घरी गेलो. भेटीचं कारण या रकान्यात 'पाव' लिहिलं. चिडायला हवं होतं, पण खरं सांगतो, जिना चढताना मी मनातून खूश होतो. ओळखला न जाण्याइतका मी तरुण झालो होतो. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो आणि दारात पोचल्यावर थोडा वेळ भिंतीला टेकून पाव मोजत असल्यासारखं केलं.

आता घरातही उत्साह संचारला. सुनेने माझ्या चेहऱ्यावर कसलासा हिरवा लेप थापला आणि हसायचं नाही, बोलायचं नाही अशी ताकीद दिली. त्याच वेळी विमावाले चालण्यावर सल्ला द्यायला आले, दारातून मला बघून दचकले आणि सल्ला बायकोकडे ठेवून गेले. म्हातारा माणूस टाचेवर चालतो आणि तरुण चवड्यावर, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलाने त्याची जीनची पँट दिली. ती मला होत होती, फक्त ती घालून बसता येत नव्हतं. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं, असे दोनच पर्याय तिने ठेवले होते.

"बसायचंय कुणाला," मी म्हणालो. "पीटीचा सर कधी बसत नाही. अगं, तू आवर ना. निघायला हवं."

"मी नाही येत," बायको म्हणाली. तिचे केस पांढरेशुभ्र आहेत आणि तिला शोभतात. "तुमच्या शेजारी मी तुमची थोरली बहीण दिसेन. मला बायको म्हणूनच राहू द्या."

हे ती हसत म्हणाली, पण हसून झाल्यावर पेपर जरा जास्तच उंच धरला. मला ते बोचलं. पण चवड्यावर उभ्या असलेल्या माणसाला थांबून विचार करणं अवघड जातं. मी निघालो.

शाळेच्या दारात दोन टेबलं मांडली होती. एकावर 'गुरुजन' अशी पाटी आणि दुसऱ्यावर 'माजी विद्यार्थी'. मी रुबाबात गुरुजनांच्या टेबलापाशी गेलो. तिथे बसलेली शाळेतली तरुण शिक्षिका मला वरपासून खालपर्यंत बघून गोड हसली.

"सर, हे टेबल शिक्षकांचं आहे."

"मी शिक्षकच आहे. पीटीचा."

तिने कागदावरून बोट फिरवलं. "पीटीचे सर यात नाहीत. तुम्ही तिकडे बघता का? आणि खरं सांगू का, तुम्ही त्यांच्या काळातले शिक्षक वाटतही नाही."

कागदात नाव नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे शहाण्या माणसाला तिथेच कळलं असतं. पण तिच्या दुसऱ्या वाक्याने मी असा हवेत गेलो, की पहिलं वाक्य खालीच राहिलं. मी तरंगत दुसऱ्या टेबलाशी गेलो.

तिथे शाळेतल्या टोपणनावांचे बिल्ले लावायची टूम होती. सगळे येऊन गेले होते आणि टेबलावर एकच बिल्ला उरला होता. तो कुणीतरी माझ्या छातीवर टोचला. त्यावर लिहिलं होतं, 'शेपूट'.

शेपूट मला पक्का आठवत होता. लुकडा, शेंबडा, मैदानाची फेरी मारायला सांगितली की बाकीचे दोन फेऱ्या मारून पाणी पिऊन यायचे तरी हा आपला कुंपणापाशी. माझ्या सगळ्या कारकिर्दीत त्याच्याइतकं हळू कुणी धावलं नाही. आणि मी, वाघ, छातीवर त्याचं नाव लावून उभा होतो.

मी बिल्ला काढणार, एवढ्यात पाठीवर एक दणका बसला.

"शेपट्या, लेका, काय तब्येत राखलीयेस," मॉनिटर ओरडला. टक्कल, पट्ट्याबाहेर ओसंडणारं पोट आणि नाकावर चष्म्याच्या खुणा, पण चष्मा नाही. तो माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होता. "साठचा वाटतच नाहीस तू. पंचावन्नचा वाटतोस."

बघता बघता माझ्याभोवती घोळका जमला. त्या सगळ्या तुकडीत एकही पांढरा केस दिसत नव्हता, जिकडे बघावं तिकडे माझ्यासारखीच कोळशाची डोकी. बायका माझ्याकडे बघून एकमेकींना कोपरं मारत होत्या. काय खातोस, कुठलं तेल लावतोस, डॉक्टर कोण, गुडघ्यांना काय करतोस. मी म्हणालो, रोज सकाळी कवायत. एकाने ते चक्क मोबाइलमध्ये टिपून घेतलं. आता तुम्हीच सांगा, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पंचावन्नचा म्हणून कुणी मिरवत असेल, तर तो मध्येच थांबवून 'मी तुमचा सर आहे' असं कशाला सांगेल? म्हटलं, सांगू सावकाश. सत्काराच्या वेळी, पुढे जाऊन, एकदम. टाळ्यांचा कडकडाट होईल.

मग मी सहज फलकाकडे बघितलं.

फलक दोन होते. एकावर रंगीत फोटो: गणिताच्या बाई, चित्रकलेचे सर, मराठीच्या बाई, सगळे पांढरे, चष्मेवाले, हसरे. आणि ते सगळे खरोखरच पुढच्या रांगेत उशांवर बसलेही होते. दुसरा फलक काळ्या कापडाचा होता. त्याच्यावर जुने कृष्णधवल फोटो, समोर फुलं, एक मंद दिवा. वर लिहिलं होतं, 'जे आज आपल्यात नाहीत'. पहिले मुख्याध्यापक, शाळेचे जुने शिपाई, आणि बरोबर मध्ये, छाती पुढे, मिशा वर, मी.

सजावटवाल्याने काय केलं असेल ते माझ्या लक्षात आलं. फोटोंचा गठ्ठा त्याच्या हातात आला, त्याने रंगीत एकीकडे आणि कृष्णधवल दुसरीकडे लावले, आणि दारातली यादी नि छापील स्मरणिका कुणीतरी त्यावरूनच उतरवली. त्याचंही बरोबरच होतं. अलीकडचा फोटो नसलेला माणूस अलीकडे नसणारच.

मी धावत, म्हणजे जीनने परवानगी दिली तेवढ्या वेगात, मॉनिटरला गाठलं.

"अरे, ते पीटीचे सर. ते आहेत."

"आहेत ना. मध्येच लावलेत."

"तसं नव्हे. जिवंत आहेत."

मॉनिटरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शेपट्या, तुला नेहमी सगळं उशिराच कळायचं. मलाही आज फलक बघितल्यावरच कळलं. परवापरवा फोनवर बोललो होतो रे त्यांच्याशी. आवाज थकलेला वाटलाच होता मला. पण धीर धर."

आता माझ्यापुढे पेच पडला. मी आहे तो मीच, हे सांगायचं तर त्या सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं, की हे केस खोके उघडून आणलेत, जीन मुलाची आहे, मिशी खाजेने गेली आणि 'अलीकडचा' म्हणून पाठवलेला फोटो तुम्ही चौदा वर्षांचे होतात तेव्हाचा आहे. मागून आधार नको म्हणून एवढं केलं, आणि आता दोन्ही बाजूंनी धरून सगळे हसणार. जिवंत असल्याची कबुली द्यायला एवढी लाज वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. मी मागे जाऊन भिंतीपाशी उभा राहिलो. बसता येत नव्हतंच.

श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. बाकीच्या दिवंगतांना भराभर वाटेला लावून सगळे माझ्यावर आले. आधी मी मान ताठ केली.

"पीटीचे सर," एक गृहस्थ माइकवर म्हणाले. "मी स्वतः अंत्यदर्शनाला गेलो होतो. चेहरा अगदी शांत होता."

मी या गृहस्थांना चांगला ओळखतो. दांडी मारायची असली की त्यांची आजी वारायची. एकाच वर्षात तीनदा वारली होती.

मग त्यांची डॉक्टर झालेली एक वर्गभगिनी उठली. फोटोकडे बघून म्हणाली, "आज हा फोटो पाहिला आणि मला धक्काच बसला. किती पोरगेलेसे होते सर. तिशीचेही नसतील. आणि आपण त्यांना काय म्हणायचो?"

मी श्वास रोखला.

"आजोबा," सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, आणि हशा पिकला.

आजोबा. मला. अठ्ठावीस-तिशीत, दोर एका दमात चढत होतो तेव्हा. वाघाचा कुठे मागमूस नाही. मग प्रत्येकाला कंठ फुटला. प्रत्येक वाक्यात 'आमच्या वेळी' म्हणायचे. थंडीत कानांभोवती मफलर गुंडाळून मैदानावर यायचे आणि आपल्यालाही 'कान झाका' म्हणायचे. घाम आला की लगेच पाणी पिऊ द्यायचे नाहीत. आणि पळायच्या आधी एकेकाला विचारायचे, 'खाल्लंस का?' कुणी नाही म्हणालं की त्याला रांगेतून बाहेर काढून स्वतःच्या डब्यातलं देत, आणि वर दम भरत, की कुणाला सांगशील तर बघ. मला वाटत होतं त्या दमामुळे कुणी कुणाला सांगितलं नसेल. डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाली, "माझे दोन्ही आजोबा मी पाहिलेच नव्हते." मग हसणं थोडं कमी झालं.

मी भिंतीकडे तोंड केलं होतं. एका बाजूने अपमान झालेला होता आणि दुसऱ्या बाजूने ते डबे एकेक करून आठवत होते, आणि दोन्ही एकाच वेळी सांभाळणं मला जमेना.

"आता आपण सारे स्तब्ध उभे राहून दोन मिनिटं सरांना आदरांजली वाहू या," मॉनिटर म्हणाला. "पंखे बंद करा. आवाज येतो."

पंखे बंद झाले. सगळे उभे राहिले. मॉनिटरने मनगट डोळ्यांसमोर धरलं. मीही माझ्या स्मृतीला मान देऊन ताठ उभा राहिलो. काय करणार?

तेवढ्यात मागचं दार हळूच किलकिलं झालं आणि एक पांढऱ्या केसांचा, काठी टेकत चालणारा माणूस आत येऊन शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"सर," तो कुजबुजला, "तुम्ही इथे मागे काय करताय?"

तो शेपूट होता. सगळ्यांत शेवटी येणारा आणि मला ओळखणारा पहिला.

"गप्प उभा राहा," मी कुजबुजलो. "श्रद्धांजली चालू आहे."

"कुणाला?"

"मला."

शेपटाने यावर विचार केला. "मग मी वेळेवर आलो म्हणायचं," तो म्हणाला.

"तू मला ओळखलंस कसं?"

"सर, मी कायम शेवटी पळायचो. माझ्या मागे एकटे तुम्ही असायचात. 'आरामात ये, मी आहे' म्हणायचात. तुमच्या नुसत्या उभं राहण्यावरून ओळखेन मी." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "आजोबा नाव मीच ठेवलं होतं. घरी माझ्यासाठी थांबणारा एक आजोबाच होता ना."

मला बरंच काही बोलायचं होतं, पण स्तब्धता होती. आणि ती संपत नव्हती. दोन मिनिटं कधीच होऊन गेली असावीत. मॉनिटर घड्याळ डोळ्यांजवळ नेत होता, लांब धरत होता, पुन्हा जवळ आणत होता. तरुण दिसावं म्हणून चष्मा घरी ठेवून आला होता आणि काटे त्याला दिसत नव्हते. 'चष्मा द्या' म्हणायची लाज, म्हणून तो तसाच गंभीर चेहऱ्याने उभा. आणि कुणीही हलेना, कारण आधी बसेल तो म्हातारा. सगळ्यांचे गुडघे कुरकुरत होते. मला घाम फुटला आणि कपाळावरून काहीतरी ओघळून सदऱ्यावर टपकलं. काळं होतं. पंधरा वर्षं थेंबाथेंबाने परत येत होती.

मग मी मॉनिटरकडे बघितलं. तो झुलत होता. किंचित पुढे, किंचित मागे, चेहरा पांढराफटक. सकाळच्या कवायतीत असे झुलणारे चेहरे मी आयुष्यभर बघत आलोय. तीन झोक्यांनंतर पोर खाली येतं. तिथे पुढे मंचाची कड होती.

मी काही ठरवलं नाही. छाती आपोआप भरली.

"विश्राम!"

छताच्या पत्र्यावरून आवाज घुमून आला, आणि अख्ख्या सभागृहातल्या साठीच्या पोरांनी खाड्कन डावा पाय बाजूला टाकला आणि हात पाठीमागे बांधले. ज्यांचे गुडघे बदललेले होते त्यांनीही. माइकवर अंत्यदर्शन घेऊन आलेल्यांनीही. मॉनिटरने डोळे उघडून आवाजाच्या दिशेने, आधी माझ्याकडे, मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि सरळ कोसळायला लागला.

मी पळालो. जीनने मागच्या बाजूने मोठ्या आवाजात राजीनामा दिला, पण आता थांबायला वेळ नव्हता. पायऱ्या कशा चढलो ते आठवत नाही. पडता पडता मी मॉनिटरला काखेत धरला, आणि काठी टाकून माझ्या मागोमाग आलेल्या शेपटाने त्याला मागून आधार दिला. आमच्यासाठी ठेवलेले ते दोघं जण मात्र खाली हात बांधून विश्रामात उभे होते. त्यांना पुढची आज्ञा मिळाली नव्हती.

मॉनिटरने डोळे किलकिले केले. वर माझा चेहरा, त्यावरून काळे ओघळ.

"सर," तो क्षीण आवाजात म्हणाला, "मी पण आलो का तिकडे?"

"शाळेतच आहेस. अंग सैल सोड," मी म्हणालो. "सकाळी काही खाल्लंस का?"

"नाही, सर. पोट दिसू नये म्हणून."

सभागृहात कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी हसलं, आणि मग मागून एक आवाज आला, "अरे, हे तर आजोबा." त्यापुढे जो गोंधळ झाला तो मी नीट सांगू शकत नाही. सगळे एकदम वर चढले. डॉक्टरीणबाईने मला आणि मॉनिटरला एकाच ग्लासातलं पाणी पाजलं. अंत्यदर्शनवाले गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, चेहरा तेव्हा खरंच शांत होता." चित्रकलेच्या सरांनी माझ्या सदऱ्यावरचे काळे डाग बघून रंग कोणता म्हणून विचारलं. मॉनिटरने ओरडून कुणाचा तरी चष्मा मागितला, आणि मग चार-पाच जणांनी खिशातून आपापले चष्मे काढून डोळ्यांवर चढवले. आता एकमेकांना नीट बघितल्यावर हसू आवरेना.

फक्त शाळेच्या सध्याच्या मुख्याध्यापिका हसत नव्हत्या. वयाने माझ्या सुनेएवढ्या असतील. त्यांनी छापलेली स्मरणिका हातात धरली होती.

"सर, तुम्ही हयात आहात याचा आनंदच आहे," त्या म्हणाल्या. "पण स्मरणिकेत तुम्ही दिवंगतांच्या पानावर आहात आणि हे पान आता संस्थेच्या दप्तरी जाणार. दुरुस्ती हवी असेल तर विनंती अर्ज द्यावा लागेल. सोबत एक अलीकडचा फोटो."

"किती अलीकडचा?" मी विचारलं.

"आजचा असेल तर उत्तम."

म्हणून आम्ही तो तिथेच काढून घेतला. अर्धे केस काळे, अर्धे करडे, गालांवर काळे ओघळ, मिशीच्या जागी सुजलेला ओठ, फाटलेली बाजू झाकायला कमरेला मॉनिटरचा कोट बांधलेला. एका बाजूला शेपूट, त्याच्या छातीवर त्याचा बिल्ला. दुसऱ्या बाजूला उशीवर मॉनिटर, हातात बिस्किटाचा पुडा.

घरी आलो तेव्हा पहारेकऱ्याने उठून सलाम केला आणि वही मागितली नाही. मी बायकोच्या हातात मोबाइल दिला. तिने चष्मा पुसला आणि फोटो खूप वेळ बघितला.

"अहो," ती म्हणाली, "यात किती म्हातारे दिसताय तुम्ही."

"खरंच?"

"अगदी."

"मग हाच पाठवू ना?"

"हाच पाठवा," ती म्हणाली आणि माझ्या कपाळावरचा शेवटचा काळा ओघळ पदराने पुसून काढला. "पुढच्या वेळी मीही येईन. आता शोभतोय आपण."